राखणाऱ्यांना विचारलं कोणी?

आमच्या गावच्या देवरहाटीत, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या राईत, शिरताना चपला बाहेर काढायच्या, ही लहानपणापासूनची सवय. मे महिन्याच्या दुपारी कातळावरून चालत आलं की तळपाय भाजलेले असतात. आत पाऊल टाकलं की तेच तळपाय पाचोळ्याच्या गार, ओलसर थरात रुततात. पाचोळा हातानं बाजूला केला तर खाली काळी, भुसभुशीत माती लागते. जांभ्याच्या आमच्या अख्ख्या गावात एवढी काळी माती दुसरीकडे कुठे सापडत नाही. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, आणि या सगळ्यांच्या माथ्यावरून झाडाझाडाला कवेत घेत गेलेला गारंबीचा वेल. त्याच्या लांबलचक शेंगांतल्या गुळगुळीत तपकिरी बिया खिशात घालून आम्ही शाळेत जायचो. रहाटीच्या खालच्या अंगाला झरा आहे. एप्रिलात वाडीची नळपाणी योजना हात टेकते तेव्हा हंडे त्या झऱ्यावरच लागतात.

काही वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार ठरला. कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचं बांधायचं, पुढे मोठा सभामंडप, त्याच्यापुढे गाड्या लावायला जागा. त्यासाठी रहाटीच्या कडेची अकरा झाडं काढावी लागणार होती. गावबैठकीत विषय निघाला तेव्हा म्हातारे गुरवकाका उठून म्हणाले, "झाडा देवीची हायत, आपली न्हायत. तिला इचारलाव काय?" कोणीतरी सांगितलं, वर्गणी जमलीय, ठेकेदाराला आगाऊ रक्कमही दिलीय. पाच मिनिटांत विषय संपला. मी त्या बैठकीला होतो आणि गप्प बसलो. झाडं गेली. पुढच्या दोन उन्हाळ्यांत झऱ्याची धार बारीक झाली. ती त्या अकरा झाडांमुळेच झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गुरवकाकांचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पर्यावरणाचे कैवारी म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्यांत गुरवकाका कधी नसतात. नावं घ्यायची तर भरपूर आहेत. सलीम अली, सुंदरलाल बहुगुणा, चंडीप्रसाद भट्ट, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, मारुती चितमपल्ली, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात देशी वाणांची बियाणं बँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे, धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचं जंगल गावाच्या साथीनं परत आणणारे चैत्राम पवार. या सगळ्यांना पद्म सन्मान मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. माझा आक्षेप वेगळा आहे. यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर एक गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच आपण दिली नाही. जंगलाच्या, नदीच्या, समुद्राच्या काठावर राहणाऱ्या माणसाला त्या जंगलाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार द्या, एवढं त्यांचं म्हणणं होतं. आपण त्या मागणीला बगल दिली आणि मागणाऱ्याचा सत्कार केला. संवर्धनाचं एखादं काम यशस्वी झालं की नाही हे ठरवताना किती झाडं वाचली हे जरूर मोजावं, पण त्याच्या आधी विचारावं: उद्या पुन्हा कुऱ्हाड आली तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे?

देवरहाटीपासूनच सुरुवात करतो, कारण गाडगीळांच्या कामाची सुरुवातही साधारण तिथूनच झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि तरुण गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत फिरत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्यापर्यंत निरोप पोचवला: आमची राई तोडायचं ठरलंय, काहीतरी करा. हे दोघं तिथे गेले, लोकांशी बोलले. राईतून निघणारा ओहोळ हाच गावाच्या पाण्याचा आधार होता, आणि राई गेली तर पाणी जाईल हे गावकऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. वनखात्याच्या हिशेबात मात्र तीच राई म्हणजे वय झालेल्या, कापायला आलेल्या लाकडाचा साठा होता. पुढे ती तोड टळली. १९७६ साली वर्तक आणि गाडगीळांनी देवरायांवर लिहिलेला शोधनिबंध जगभर वाचला गेला, आणि ज्याला तोवर अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेलं जात होतं ती जैवविविधता राखण्याची जुनी, विचारपूर्वक चालत आलेली पद्धत आहे हे विज्ञानाच्या भाषेत मांडलं गेलं.

या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट शास्त्रज्ञांच्या पुण्याईच्या अलीकडची आहे. राई शतकानुशतकं राखली होती गाणीकरांनी. तोडायचा निर्णय घेणारे दुसरेच होते. आणि तो फिरवायला गावाला पुण्याहून शास्त्रज्ञ बोलवावे लागले. शास्त्रज्ञ भले होते म्हणून राई वाचली. ज्या गावांना असा कोणी भेटला नाही, त्यांच्या राया गेल्या आणि त्यांची नोंदही उरली नाही. आजही कोकणातल्या अनेक देवरहाट्यांच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचं नाव आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राखलं गावानं, आणि कागदावर गाव तिथे पाहुणं.

चिपकोची गोष्ट आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. २६ मार्च १९७४, गढवालमधलं रेणी गाव. पुरुषांना जमिनीच्या भरपाईच्या नावाखाली चमोलीला बोलावून घेतलेलं, आणि मागाहून ठेकेदाराची माणसं जंगलात शिरलेली. गौरादेवी नावाची पन्नाशीकडे झुकलेली विधवा गावातल्या बायका-मुलींना घेऊन जंगलात गेली आणि झाडांच्या आड उभी राहिली. हे जंगल आमचं माहेर आहे, हा त्यांचा युक्तिवाद. ठेकेदाराची माणसं परत गेली. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवली जाते. खरं तर ती इथून पुढे ऐकायला हवी.

१९८२ मध्ये नंदादेवीच्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि माणसांना आत जायला बंदी झाली. त्या काठच्या लाता, रेणी अशा गावांतल्या भोटिया लोकांची कुरणं गेली, जडीबुटी गोळा करणं बंद झालं, गिर्यारोहकांच्या मोहिमांवर मिळणारं काम गेलं. ज्यांनी झाडांना मिठी मारून जंगल राखलं त्यांनाच जंगल बंद. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी 'झपटो छीनो' म्हणत उद्यानात शिरून आपला हक्क सांगितला, तेव्हा बाहेरच्या किती जणांना त्याची बातमी कळली? पुढे त्याच रेणीच्या पायथ्याशी ऋषिगंगेवर जलविद्युत प्रकल्प झाला. गावातले लोक त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी वरच्या डोंगरावरून बर्फ आणि खडकाचा प्रचंड कडा कोसळला, नदीतून आलेल्या लोंढ्यानं तो प्रकल्प पुसून टाकला, आणि खालच्या तपोवनच्या बोगद्यातले कामगार गाडले गेले. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. गौरादेवीचं नाव आपण सन्मानानं घेतो. तिच्या गावानं जवळपास पंचेचाळीस वर्षांनंतर जे सांगितलं ते ऐकून घेतलं असतं, तर तो सन्मान खरा ठरला असता.

आता आपल्या घाटाकडे येऊ.

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारनं पश्चिम घाटासाठी गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. गटानं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सरकारनं तो दाबून ठेवला. माहिती आयोगानं आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरचा संपूर्ण घाट संवेदनशील मानावा, त्याचे कमी-अधिक संवेदनशील असे तीन स्तर करावेत, खाणी आणि प्रदूषण करणारे कारखाने कुठे नकोत हे ठरवावं, असं त्यात होतं. यावर गदारोळ झाला. घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, असं गावोगाव पसरवलं गेलं.

अहवालातला जो भाग सर्वांत मोलाचा होता तो या गदारोळात बुडाला. या सीमा, हे स्तर आणि हे नियम आम्ही पुण्या-बंगळुरूत बसून कायमचे आखत नाही आहोत, ही सुरुवातीची मांडणी आहे. ती स्थानिक भाषांत गावोगाव जाऊ द्या, ग्रामसभांत तिच्यावर चर्चा होऊ द्या आणि मग अंतिम काय ते ठरवा, असं गटाचं म्हणणं होतं. सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी तर आपलं क्षेत्र संवेदनशील घोषित करा असे ठराव स्वतःहून केले होते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात खाणींची टांगती तलवार होती आणि लोकांना आपल्या बागायती, आपलं पाणी वाचवायचं होतं. पर्यावरण म्हणजे शहरी लोकांचं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी हे ठराव एकदा वाचावेत.

त्याच अहवालात रत्नागिरी जिल्ह्याबद्दल एक नोंद आहे. ती वाचून रत्नागिरीकर म्हणून माझी मान खाली गेली. २००७ ते २००९ या साधारण दोन वर्षांच्या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते, आणि ते मुख्यतः प्रदूषणाविरुद्धची निदर्शनं थोपवण्यासाठी वापरले जात होते. लोटे परिसरातल्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानं दाभोळ खाडीतली मासळी कमी झाली, ही तिथल्या भोयांची, मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षांची. त्यांनी काय करायचं होतं? खाडी त्यांची, जाळं त्यांचं, मेलेली मासळी त्यांच्याच दारात आलेली, आणि पाच जणांनी एकत्र जमून बोलायला बंदी. त्या १९१ दिवसांत ज्या माणसांनी तरीही तोंड उघडलं, ते माझ्या लेखी पर्यावरणाचे कैवारी आहेत. त्यांना मानपत्र नकोच होतं. त्यांना खाडीच्या पाण्याचा अहवाल बघायला मिळावा, आणि नाल्यात काय सोडलं जातंय यावर गावाचं नियंत्रण असावं, इतकंच हवं होतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्यानं एप्रिल २०१३ मध्ये घाटाचं सुमारे ३७ टक्के क्षेत्र, म्हणजे साधारण ६०,००० चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवलं (या गटानं घाटाची हद्द आधीच्यापेक्षा मोठी धरली होती). लोकांचं लक्ष टक्केवारीच्या फरकाकडे गेलं. गाडगीळांनी मात्र लिहिलेल्या खुल्या पत्रात वेगळ्याच जागी बोट ठेवलं: आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही, ही भूमिकाच लोकशाहीविरोधी आणि पंचायती आणि नगरपालिकांना अधिकार देणाऱ्या घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीशी विसंगत आहे. मला वाटतं, सगळ्या वादाचा गाभा तिथे होता. किती चौरस किलोमीटर, हा दुसरा प्रश्न. कोण ठरवणार, हा पहिला.

त्यानंतर काय झालं ते आपल्यासमोर आहे. मसुदा अधिसूचना निघत राहिल्या, मुदत संपत राहिली, अंतिम काहीच झालं नाही. दरडी मात्र कोसळत राहिल्या. माळीण ३० जुलै २०१४. तळीये जुलै २०२१. इर्शाळवाडी जुलै २०२३. वायनाड ३० जुलै २०२४. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख असलेला सहावा मसुदा निघाला, ५६,८०० चौरस किलोमीटरच्या आसपासचा, त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. प्रत्येक दरडीमागे खाण किंवा रस्ताच होता असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अतिवृष्टी आणि डोंगराची ठेवण ही कारणंही आहेतच. पण डोंगराला भेग पडलीय, पाणी नको तिथून फुटतंय, हे सगळ्यांत आधी कोणाला दिसतं? त्या उतारावर गुरं नेणाऱ्याला. त्याचं म्हणणं नोंदवून घेणारी, त्यावर पावलं उचलू शकणारी जागा आपण गावात तयारच केलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं गाडगीळांना जीवनगौरव दिला, आणि सगळ्या पक्षांच्या लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांचा अहवाल होता तिथेच राहिला.

अधिकार दिला तर लोक काय करतात याचं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचं गोंड गाव. तिथली घोषणा आता बाहेरही ठाऊक झाली आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' गोंडीत, 'मावा नाटे माटे सरकार.' १९८० च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या मोठ्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झालं, आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे त्यात होते. धरणं थांबली. मेंढ्याच्या लोकांनी मात्र तिथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारला: जंगल बुडण्यापासून वाचलं, आता ते चालवायचं कोणी?

मेंढ्याचे देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं इथे येतातच. मोहनभाऊंचं काम मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे, कारण पुढारी व्हायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं. त्यांनी गावात अभ्यासगट सुरू केला. विषय गावानं निवडायचा, माहिती आणायची, वाद घालायचा, कंटाळा येईपर्यंत बोलायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. मतदान नाही. एक जण जरी अडून बसला तरी पुन्हा बसायचं. यात वेळ जातो, चिडचिड होते. पण ज्या गावानं असा निर्णय घेतला ते गाव तो पाळतं, कारण हरलेला पक्षच उरत नाही. या अभ्यासगटांतून निघालेली एक छोटी गोष्ट: पूर्वी पोळ्याला आग लावून मध काढत, त्यात माश्या मरत. अभ्यास करून, प्रयोग करून त्यांनी मधाचा तेवढाच भाग कापून घ्यायची रीत बसवली. माश्या जगतात, पोळं पुन्हा भरतं. हे करायला त्यांना वरून कोणी परिपत्रक पाठवलं नव्हतं.

जंगलावर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि शेजारचं मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात पहिल्यांदा. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. कागद मिळाला, पण बांबू काही विकता येईना. वनखात्याचं म्हणणं, १९२७ च्या कायद्यानुसार बांबू हे झाड आहे, वाहतूक परवाना आम्हीच देणार. नवा कायदा तर बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असं जंगलाचं उत्पन्न, म्हणत होता. वनस्पतिशास्त्रही बांबूला गवतच मानतं. कितीतरी वर्षं तोच बांबू कागद गिरणीला नाममात्र दरानं जात होता, आणि बुरुडाला, शेतकऱ्याला कामापुरता बांबू मिळवायला खेटे घालावे लागत होते. लोक हटले नाहीत. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

एका पुस्तकाचं ते काय एवढं, असं बाहेरच्याला वाटेल. पण जंगलातून निघणाऱ्या गाडीला कोणाच्या सहीनं वाट मिळते, यावरच जंगल कोणाचं हे ठरतं. सही ग्रामसभेची झाली तेव्हा दर ग्रामसभेनं ठरवला, तोड कुठे करायची आणि कुठे नाही हे ग्रामसभेनं ठरवलं, मजुरी रास्त दिली, पॅन कार्ड काढलं, हिशेब ठेवले. बांबूच्या विक्रीतून कोटीच्या घरात रक्कम आली. आणि जंगल? लोकांच्या हाती दिलं तर सहा महिन्यांत उजाड होईल असं ज्यांनी भाकीत केलं होतं, त्यांनी जाऊन बघावं. बांबू नीट तोडला तर वाढतो, हे ज्याला पुढच्या वर्षीही तिथूनच पोट भरायचं आहे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. २०१३ मध्ये तर मेंढ्यानं ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी जमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. इतक्या टोकाला प्रत्येक गावानं जावं अशी माझी अपेक्षा नाही. पण अधिकारानं माणसं बेजबाबदार होतात, ही समजूत त्यानं खोटी ठरली.

यावर मला जो सर्वांत मोठा आक्षेप ऐकावा लागतो तो माझ्याच गावचे लोक घेतात. "कोकणातलं जंगल लोकांच्याच मालकीचं आहे ना? मग तेच का विकतात?" आक्षेप खरा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतांश जंगल खासगी आहे, आणि दर उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर तोडवाल्याला दिले जातात. मुलीचं लग्न, आजारपण, मुंबईच्या खोलीचं भाडं. तोडवाला रोख देतो. वीस-पंचवीस वर्षांत वाढलेलं रान चार दिवसांत ट्रकमध्ये भरून भट्ट्यांकडे जातं, आणि मालकाच्या हाती पडते ती त्याच्या खऱ्या किमतीच्या मानानं किरकोळ रक्कम. हे मी लहानपणापासून पाहतो आहे. आमच्या घरच्या डोंगराची तोडही एकदा झाली आहे.

पण त्याच गावात, त्याच माणसांच्या हातून, देवरहाटी इतकी वर्षं कशी उभी राहिली? कारण ती एकट्याची नव्हती. एकट्याला ती विकता येत नव्हती, आणि काढायची तर सगळ्या वाड्यांसमोर, मानकऱ्यांसमोर, देवीला कौल लावून विचारावं लागत होतं. खासगी मालकी आणि सरकारी मालकी यांच्या मधे ही तिसरी जागा होती, समाईक मालकीची, समाईक नियमांची. तीच आपण कागदोपत्री पुसत आणली. वनहक्क कायद्यातला सामूहिक हक्क हा त्या तिसऱ्या जागेचाच आजच्या भाषेतला अवतार आहे, आणि त्यात जंगल राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क शब्दांत लिहिला आहे.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातलं वाईट झाकायचं कारण नाही. देवरहाटीत कोणी कुठवर जायचं हे जातीवर ठरत होतं. बायकांना बैठकीत जागा नव्हती. कौल लावणारा गुरव गावातल्या वजनदार माणसांच्या शब्दाबाहेर सहसा जात नसे. आजच्या ग्रामसभाही पुष्कळदा चार जणांच्या सह्यांवर चालतात, आणि प्रकल्पवाले आले की त्या चार जणांना गाठणं सोपं असतं. म्हणून मला कायद्याची भक्कम जमीन खाली हवीच आहे. खाण, धरण, रासायनिक कारखाना यांची परवानगी एका गावाच्या उत्साहावर किंवा लोभावर सोडता येणार नाही. नदी एका गावातून सुरू होते आणि दहा गावांतून जाते. वाघासाठी काही जागा पूर्ण मोकळ्या ठेवाव्या लागतील. हे मान्य करूनही माझं म्हणणं टिकतं. राज्यानं किमान मर्यादा आखावी, आणि तिच्याहून कडक व्हायचा अधिकार गावाला असावा. आज उलट आहे. गावाला मोडायला भाग पाडता येतं, पण राखायचं ठरवलं तर त्याचा ठराव 'शिफारस' म्हणून फायलीत पडतो.

आणि जिथे लोकांना त्यात जागा मिळते तिथे गोष्टी बदलतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची अंडी पूर्वी सर्रास काढून विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरेंनी, २००२ पासून तिथे काम सुरू केलं तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर पहारेकरी आणून बसवले नाहीत; गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं. घरटं कुठे आहे हे वाळूवरच्या खुणांवरून ओळखण्यात ज्यांचा हात कोणी धरला नसता, तीच माणसं ती अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित पुरू लागली. आज तिथे कासव महोत्सवाला लोक येतात, घराघरांत पाहुणे उतरतात, आणि पाटी उचलली की चिमुकली पिल्लं समुद्राकडे धावत सुटतात. वाळू तीच, तिची खूण ओळखणारे डोळेही तेच.

आता पुन्हा माझ्या गावाकडे. जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. गावातल्या जाणत्यांनी, गुराख्यांनी, वैदूंनी, मच्छीमारांनी आपल्या परिसराची नोंद स्वतः करावी आणि तिच्या आधारावर निर्णय घ्यावेत, ही मूळ कल्पना. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकात गावोगाव करून पाहिली होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मग घाई झाली. आमची नोंदवही एका संस्थेनं तयार करून दिली. मी ती पंचायतीच्या कपाटातून काढून वाचली. छान बांधणीची आहे, रंगीत फोटो आहेत. एका पानावर दुसऱ्याच तालुक्याचं नाव राहून गेलं आहे. आमचा झरा तिच्यात नाही. गारंबी नाही. देवरहाटीला एक ओळ दिली आहे आणि तिचं क्षेत्रफळ रिकामं सोडलं आहे.

गुरवकाका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या सुनेला रहाटीतलं झाड न् झाड ठाऊक आहे. कुठल्या सालीचा काढा, कुठलं फळ कुठला पक्षी खातो, कुठल्या झाडाखाली पावसात पहिली अळंबी येते, सगळं. गावातल्या बैठकीत तिला आजवर कोणी बोलायला उभं केलेलं नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही दोनशे पानी साधी वही घेऊन रहाटीत शिरलो. ती बोलत गेली, दहावीतली दोन पोरं लिहीत गेली, मी फोटो काढले. चार सकाळींत ९४ नोंदी झाल्या. त्रेचाळिसावी गारंबीची आहे, आणि तिच्यापुढे पोरांनी एक बी चिकटपट्टीनं डकवून ठेवलं आहे. झऱ्याची धार एक हंडा भरायला किती वेळ घेते, याचीही आता दर पंधरवड्याला नोंद होते.

या वहीच्या शेवटच्या पानावर ठरावाचा मसुदा लिहिला आहे. देवरहाटीच्या हद्दीची मोजणी करून घ्यावी. तिथलं एकही झाड, उभं किंवा पडलेलं, ग्रामसभेच्या लेखी मंजुरीशिवाय हलवू नये. ज्या ग्रामसभेत असा विषय असेल तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी. आणि सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करण्यासाठी समिती नेमावी. पाच जणांनी सह्या केल्या आहेत, पहिली सही गुरवकाकांच्या सुनेची आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे. मांडणार ती आहे. अनुमोदन द्यायला या वेळी मी उठणार आहे.